आउटबोर्ड मोटरचे लोअर युनिट आपटले : दुरुस्त करावे की संपूर्ण बदलावे?

शिडाविना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या होडीला ६० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे बाहेरून बसवलेली) आहे. उथळ पाण्यातून मध्यम वेगाने जात असताना पाण्याखाली दडलेल्या एका ओंडक्यावर मोटरचा खालचा भाग, म्हणजे गिअरची पेटी आणि पंखा असलेले लोअर युनिट, आपटला. मोटर उसळून वर आली आणि पुन्हा जागेवर बसली. इंजिन बंद पडले नाही, गिअरही पडत होते, त्यामुळे सावकाश चालवत होडी किनाऱ्याला आणता आली.

बाहेर काढल्यावर दिसले ते असे : स्केगचा (पेटीच्या तळाशी असलेल्या परासारख्या पात्याचा) जवळपास अर्धा भाग तुटून गेला आहे, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) एका पात्याची कड दुमडली आहे आणि वेग वाढवला की थरथर जाणवते. गिअरकेसच्या (गिअरच्या पेटीच्या) गोल भागावर ओरखडे आहेत. तडा डोळ्यांना तरी दिसत नाही.

एका मेकॅनिकने पाहताक्षणी "संपूर्ण लोअर युनिट बदला" असे सांगितले. दुसऱ्याच्या मते स्केग वेल्ड करून नवा पंखा लावला की काम झाले. गंमत अशी की दोघांपैकी एकानेही पाना हातात घेतला नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की हा निर्णय नेमका कशाच्या आधारावर घ्यायचा असतो.

निवृत्त_फिटर

दोघांचेही मत घाईचे आहे. तुटलेला स्केग डोळ्यांत भरतो म्हणून सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. पण स्केग हा त्या युनिटमधला सर्वांत निरुपद्रवी तुटलेला भाग असू शकतो. निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा : आतल्या तेलावर आणि पंख्याच्या शाफ्टवर.

आधी तेल. ही गिअरकेसची रक्ततपासणी समजा. मोटर सरळ उभी करून रात्रभर हलवू नका. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे, ते तेलात मिसळून गेले नसेल तर, तळाशी बसते. पेटीला तेलाचे दोन स्क्रू असतात, वरचा वायुछिद्राचा आणि खालचा तेल उतरवण्याचा. सकाळी वरचा स्क्रू न काढता खालचा स्क्रू किंचित सैल करा आणि पहिले थेंब पारदर्शक भांड्यात धरा. आधी स्वच्छ पाणी आले तर बहुधा सील गेलेले आहे. तेल एकसारखे दुधाळ, पांढरट निघाले तर पाणी शिरलेल्या अवस्थेत मोटर चांगली घुसळली गेली आहे. काळपट किंवा हिरवट-निळे (कंपनीच्या तेलाचा मूळ रंग जो असेल तो) पण पारदर्शक तेल निघाले, तर निम्मी चिंता मिटली. मग वरचा स्क्रू काढून सगळे तेल उतरवा.

खालच्या स्क्रूला बहुधा चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर घाबरू नका. गिअर एकमेकांवर घासतात तेव्हा तेवढे होतेच. तो लेप बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. टोचणारे कण, चकाकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा हाताला लागला, तर मात्र पेटी उघडल्याशिवाय पुढचे काही बोलू नये.

आता शाफ्ट. इंजिन सुरू होणार नाही याची खात्री करा, म्हणजे बॅटरी सोडवा किंवा सुरक्षा-दोरीची क्लिप काढा. पंखा उतरवा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. एक ताठ तार कॅव्हिटेशन प्लेटला (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला) घट्ट बांधून तिचे टोक शाफ्टच्या शेवटापासून केसभर अंतरावर आणा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. अंतर कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसले, तर शाफ्ट वाकलेला आहे, आणि वेगळ्या पुराव्याची गरज नाही. कंपन्या यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांपलीकडे सूट देत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना डोलणे दिसले नाही तरी डायल गेज (बारीक अंतर मोजणारे तबकडीचे उपकरण) लावून खात्री करावी.

हे दोन्ही करून इथे लिहा, मग बोलू.

खारटवारा

फिटरकाकांशी सहमत. तिसऱ्या मेकॅनिककडे जाण्याआधी एक स्क्रू सैल करणे स्वस्त पडते.

गोडेपाणी

थरथरीसाठी एकटा पंखाही पुरेसा असतो हे लक्षात घ्यावे. एका पात्याची कड दुमडली की तोल जातो आणि वेग वाढला की ती थरथर संपूर्ण मोटरमध्ये जाणवते. त्यामुळे चांगला पंखा उसना आणून एकदा लावून पाहावा. थरथर गेली म्हणून शाफ्ट सरळ आहे असे मात्र लगेच मानू नये.

दुसरे म्हणजे पंख्याच्या हबमधले रबर. मधल्या आकाराच्या बहुतेक मोटरांत पंखा शाफ्टला थेट जोडलेला नसतो. मध्ये दाबून बसवलेले रबर किंवा बदलता येणारे प्लॅस्टिकचे बुश असते. पंखा कशावर आदळला की ते घसरते आणि गिअर वाचतात. लहान मोटरांत हेच काम शिअर पिन करते. ती तुटते आणि बाकीचे शाबूत राहते. हे रबर एकदा घसरले की नंतर जोर दिल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण होडी पुढे सरकत नाही. लोक समजतात गिअर गेले, आणि कित्येक चांगली लोअर युनिट याच गैरसमजापायी उघडली जातात. तपासणी सोपी आहे. आतल्या स्प्लाइनच्या (शाफ्टवर बसणाऱ्या दातेरी खाचांच्या) नळीवर आणि बाहेरच्या हबवर एका रेषेत रंगाची खूण करा आणि थोडे चालवून या. खुणा सरकल्या असतील तर दोष पंख्यात आहे.

दर्यावर्दी_७

मी पहिल्या मेकॅनिकच्या बाजूने बोलणार आहे, कारण इथे सगळे त्याला मोडीत काढायला निघाले आहेत.

इतका आघात झाल्यावर नुकसान कुठे कुठे पोहोचले आहे हे बाहेरून कळत नाही. पंख्याच्या शाफ्टवरून धक्का गिअरवर जातो, गिअरवरून पिनियनवर (उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाच्या लहान गिअरवर) आणि पिनियनवरून उभ्या ड्राइव्ह शाफ्टवर. आज शाफ्ट बदलाल, पुढच्या हंगामात बेअरिंग वाजेल, त्यानंतर पिनियनचे दात जातील. दर वेळी मजुरी, दर वेळी सीलचा नवा संच आणि दर वेळी वाया गेलेला हंगाम. नवे संपूर्ण युनिट कारखान्यात जुळवून, दाबाखाली तपासून येते, त्यावर हमी असते आणि ते बोल्ट काढून दुपारभरात बसते. शिवाय गिअर जुळवायला लागणारी खास गेजेस आणि शिमचा अनुभव प्रत्येक कार्यशाळेत असतोच असे नाही. कमी अनुभवाच्या माणसाने जुळवलेली जुनी पेटी ही नव्या पेटीपेक्षा स्वस्त असते, पण ती पहिल्या बिलापुरतीच.

निवृत्त_फिटर

@दर्यावर्दी_७, आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि पहिला अजिबात नाही.

पेटीतल्या सगळ्या दुरुस्त्या एकाच पातळीच्या नसतात. पंख्याचा शाफ्ट, मागचा बेअरिंग कॅरियर (त्या शाफ्टची बेअरिंग आणि सील धरणारा भाग), सील, ओ-रिंग आणि पाण्याचा पंप बदलताना पिनियनची उंची हलत नाही. ही कामे कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवणारा काळजीपूर्वक काम करणारा कोणताही फिटर करू शकतो. पण पुढचा गिअर, पिनियन, त्यांची बेअरिंग किंवा गिअरकेसचे कवच यांपैकी काहीही बदलले की शिम नव्याने मोजावे लागतात. शिम म्हणजे मिलिमीटरच्या अंशांत मोजायच्या पातळ चकत्या. पिनियन किती खाली बसेल आणि दातांत किती मोकळीक राहील हे त्या ठरवतात. मोकळीक कमी पडली तर दात तापतात, जास्त झाली तर आपटतात. शिवाय पुढचा गिअर आणि पिनियन जोडीनेच बदलायचे असतात. एक नवा आणि एक जुना घातला तर नवा जुन्याच्या झिजेप्रमाणे घासला जातो. पिनियनचा नट एकदा काढला की नवा वापरावा, लॉकिंग द्रव लावून आणि टॉर्क रेंचने.

म्हणून माझा हिशेब असा : नुकसान मागच्या अर्ध्या भागात असेल, म्हणजे शाफ्ट, कॅरियर आणि सील यांच्यात, तर दुरुस्ती करावी. गिअरचे दात आणि कवच दोन्ही गेले असतील तर संपूर्ण युनिट घ्यावे. मधल्या प्रकरणांत वाद घालायला हरकत नाही.

धातुजोड

स्केगबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम वेल्डिंगचे आहे आणि अशी स्केग नेहमी येत असतात.

गिअरकेस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असते. तिला टिग वेल्डिंग उत्तम होते, परंतु त्याआधीची तयारीच खरे काम आहे. रंग आणि खालचे प्राइमर तुटलेल्या कडेपासून बरेच आतपर्यंत काढावे लागते आणि खाऱ्या पाण्यातल्या मोटरची धातू पांढरी पडलेली असेल तर ती उजळ दिसेपर्यंत घासावी लागते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही वर टिकून राहतो; तो थर न काढता चाप लावला की खालची धातू वाहते आणि वरची साल तशीच राहते. हवेची छिद्रे, तेलाचे अंश आणि मीठ हे तिघे वेल्डमध्ये बुडबुडे आणतात.

तुटका तुकडा सापडला तर तोच जोडतो. नसेल तर जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीतून नवा कापतो आणि त्याच मॉडेलच्या धड स्केगवरून कागदी साचा काढून आकार देतो. दोन्ही बाजूंनी कड उतरती करून मधूनमधून थांबत वेल्ड करतो, कारण वर काही अंतरावर गिअरचे तेल आणि रबरी सील असतात. तेल आधी उतरवलेले हवे आणि वायुछिद्राचा स्क्रू उघडा हवा. बंद पेटी तापवणे धोक्याचे आहे. काम झाल्यावर घासून मूळ आकार, मग ॲल्युमिनियमसाठीचे प्राइमर आणि मग रंग. तांब्याचे प्रमाण असलेला बुरशी-शेवाळरोधक रंग मोटरवर कधीही लावू नये. पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियमच खाल्ले जाते.

एक मर्यादा सांगून ठेवतो. तडा स्केगपुरता असेल तर वेल्ड जरूर करावे. तो वर गिअरच्या गोल कवचात किंवा बेअरिंग बसते त्या जागेत गेला असेल, तर मी काम घेत नाही. उष्णतेने ती जागा आकार बदलते आणि मग आतले बेअरिंग सरळ बसत नाही.

निळाई

@धातुजोड, वेल्डिंगऐवजी स्टेनलेस स्टीलचे बोल्टने बसणारे स्केग-कवच मिळते, ते लावले तर चालेल का? आणि स्केग तसेच अर्धे ठेवले तर नेमके काय बिघडते?

धातुजोड

निळाईताई, चालते, परंतु कवच धरून ठेवायला मूळ स्केगचा पुरेसा भाग शिल्लक असावा लागतो. अर्ध्याहून अधिक गेलेले असेल तर बोल्टवरचा भार वाढतो. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या संपर्कामुळे गंज वाढतो, म्हणून दोन्हींच्या मध्ये सीलंटचा थर द्यावा आणि मोटरचा झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड (स्वतः झिजून मोटरला गंजापासून वाचवणारा तुकडा) नियमित पाहावा. त्या ॲनोडवर रंग मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. रंगवलेला ॲनोड काहीच काम करत नाही.

स्केग नसल्याने मोटर बंद पडत नाही. पण पुढच्या वेळी तळाला काही लागले तर पहिला मार थेट पंख्याला बसतो आणि वेगात स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते.

शिडाविना (धागाकर्ता)

फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे केले.

तेल : पहिल्यांदा थोडे स्वच्छ पाणी आले, त्यामागून दुधाळ, पांढरट तेल. चुंबकावर राखाडी लेप आहे, टोचणारे काही लागले नाही.

शाफ्ट : तार बांधून फिरवले. अंतर उघड उघड कमी-जास्त होते आहे. डायल गेजची गरज पडली नाही.

आणि एक अनपेक्षित गोष्ट. पंखा काढल्यावर त्याच्या मागच्या जाड वॉशरमागे मासेमारीचा नायलॉन धागा शाफ्टभोवती घट्ट गुंडाळलेला सापडला. काही वेढे वितळून एकमेकांना चिकटलेले होते आणि सीलच्या कडेपर्यंत पोहोचलेले होते. त्यामुळे आता प्रश्न असा पडला आहे की पाणी नेमके कधी शिरले, आपटल्यावर की त्याआधीच?

खारटवारा

म्हणजे ओंडका निर्दोष सुटण्याची शक्यता आहे.

गोडेपाणी

सुटत नाही, सहआरोपी आहे. :)

धाग्याने सील कापले असेल तर पाणी आधीपासून थोडेथोडे येत असणार. वाकलेला शाफ्ट सीलची ओठासारखी कड प्रत्येक फेरीला एका बाजूला दाबतो आणि दुसऱ्या बाजूला मोकळी सोडतो, त्यामुळे नवे सीलही फार टिकत नाही. दोन्ही कारणे एकाच जागी आहेत. आतल्या धातूवर गंजाचे डाग असतील तर पाणी जुने आहे, कारण तेलाने माखलेला पोलादी गिअर होडीच्या एका फेरफटक्यात गंजत नाही. म्हणून पेटी उघडल्यावर सर्वांत आधी बेअरिंग पाहा.

मासेमारीच्या भागात मोटर चालवणाऱ्या प्रत्येकाने पंखा वरचेवर काढून शाफ्टची जागा पाहावी, असे मी इथल्या जमेल त्या चर्चेत लिहीत असतो. स्प्लाइनला सागरी ग्रीस लावले की पंखा पुढच्या वेळी हातानेही निघतो.

दर्यावर्दी_७

आता तरी माझ्या बाजूचे वजन वाढले. पाणी आत आहे, शाफ्ट वाकलेला आहे, बेअरिंगची खात्री नाही. तरीही पेटी उघडायची?

निवृत्त_फिटर

होय, कारण चुंबकावर काही टोचले नाही. गिअरचे दात तुटले असते तर ते आधी तिथेच सापडले असते.

शिडाविना, उघडण्याआधी एक काम बाकी आहे : दाबाची तपासणी. तेल पूर्ण उतरलेले असताना एका स्क्रूच्या जागी हातपंप आणि दाबमापक जोडा, दुसरा स्क्रू वॉशरसह घट्ट करा. आधी ३ ते ५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब देऊन पाहा. तेवढा टिकला तर हळूहळू मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत न्या. कंपनीनुसार तो साधारण १० ते १५ पीएसआयच्या आसपास असतो. त्याच्या पुढे जाऊ नका. जास्त दाबाने चांगले सीलही जागेवरून सरकते. शाफ्ट फिरवत, गिअरची दांडी हलवत साबणाचे पाणी लावा : पंख्याच्या शाफ्टचे सील, वरचे ड्राइव्ह शाफ्टचे सील, गिअरच्या दांडीचे सील, कॅरियरची ओ-रिंग आणि दोन्ही स्क्रू. बुडबुडे कुठे येतात हे लिहून ठेवा. नंतर व्हॅक्यूमचीही तपासणी करावी, कारण काही सील आतून बाहेर दाब रोखतात, परंतु बाहेरून आत खेचले गेले की उघडतात.

ही तपासणी आधी का? पेटी उघडली की सगळेच सुटे होते, आणि मग पाणी कुठून आले हे कायमचे कोडे राहते.

सांधेजोड

एक आगंतुक सूचना. स्क्रूखालचे छोटे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. पाणी शिरलेल्या कित्येक पेट्यांत सील धड असतात आणि दोष त्या क्षुल्लक वॉशरचा निघतो.

मोटरवेडा

थोडे अवांतर. १९०९ साली ओले एव्हिनरूड यांनी तयार केलेल्या मोटरीची रचनाही हीच होती : वर इंजिन, उभा शाफ्ट आणि खाली पाण्यात बुडालेल्या पेटीत काटकोनात वळवणारे बेव्हल गिअर. तिची ताकद जेमतेम दीड अश्वशक्ती होती. तेव्हापासून इंजिने कुठल्या कुठे गेली, पण शक्ती काटकोनात वळवण्याचे काम आजही तीच जोडी करते. इतक्या नाजूक कामाची पेटी होडीच्या सर्वांत खालच्या टोकाला, पहिला मार बसेल तिथे आजही बहुतेक मोटरांत ठेवली जाते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

खारटवारा

नवल नंतर करू, आधी त्यांची पेटी उघडू द्या.

निळाई

पेटी मोटरवरून उतरवताना माझा अनुभव लिहिते. सगळे बोल्ट काढले तरी युनिट हलत नाही असे वाटले, तर कॅव्हिटेशन प्लेटखालची ट्रिम टॅब (स्टिअरिंगचा ओढा जुळवणारे छोटे पाते) पाहावी. बऱ्याच मोटरांत तिच्या वर एक बोल्ट दडलेला असतो. ती टॅब काढण्याआधी तिच्या आणि कवचाच्या जागेवर खूण करून ठेवावी, कारण ती किती वळवलेली आहे त्यावर स्टिअरिंगचा ओढा ठरतो. गिअरच्या दांडीची जोडणी काही मोटरांत वरच्या बाजूला सोडवावी लागते आणि काहींत ती स्प्लाइनमधून आपोआप सुटते, त्यामुळे मॅन्युअल न वाचता पहारीने उचकटू नये. तरीही अडले तर बहुधा ड्राइव्ह शाफ्टचे वरचे टोक क्रँकशाफ्टमध्ये गंजून बसलेले असते. त्यावर गंज सोडवणारे तेल, वेळ आणि दोन्ही बाजूंनी सारखे, हलके ठोके, एवढेच उपाय आहेत.

निवृत्त_फिटर

निळाईताईंनी उतरवण्याचे लिहिले. त्याहून मोठे दुखणे कॅरियरचे. खाऱ्या पाण्यातल्या जुन्या मोटरीत ॲल्युमिनियमचा कॅरियर ॲल्युमिनियमच्याच कवचात पांढऱ्या गंजाने असा धरतो की पुलरचे (भाग ओढून काढण्याच्या अवजाराचे) आटे जातात, पण तो निघत नाही. कवच बाहेरून समान तापवावे, ज्योत एका जागी धरू नये आणि पुलरचा ताण देऊन ठेवावा. कॅरियरचे कान तुटायला लागले तर थांबावे. इथेच बऱ्याचदा दुरुस्ती आणि नवे युनिट यांचा निकाल लागतो, कारण कवच फुटले की विषय संपला.

शिडाविना (धागाकर्ता)

ताजी माहिती. दाब टिकला नाही. बुडबुडे फक्त पंख्याच्या शाफ्टच्या सीलमधून आले, वरची दोन्ही सील आणि स्क्रू धड आहेत. त्यानंतर युनिट उतरवले. फक्त गोड्या पाण्यात वापरलेली मोटर असल्यामुळे कॅरियर पुलरच्या साध्या ताणाने निघाला.

आत पाहिले ते असे. पुढच्या आणि मागच्या गिअरचे दात स्वच्छ आहेत, कुठेही टवका नाही, पिनियनचेही तसेच. गिअर बदलणाऱ्या क्लच डॉगचे कोपरे टोकदार आहेत. कॅरियरमधल्या मागच्या नीडल बेअरिंगवर मात्र तपकिरी डाग आहेत आणि त्या जागेवर शाफ्टला बारीक खड्डे पडले आहेत, म्हणजे पाणी जुनेच होते. पुढच्या गिअरमागचे बेअरिंग हाताने फिरवले तर खरखर नाही. कवचावर रंगद्रव्य लावून तडा शोधला. काही सापडले नाही.

दर्यावर्दी_७

मोकळेपणाने सांगतो, इतकी माहिती हातात असेल तर मीही दुरुस्तीच करीन. माझा विरोध होता तो न पाहता केलेल्या दुरुस्तीला. तरी पुढचे बेअरिंग एकदा पूर्ण धुऊन, भिंगातून पाहून घ्या. तिथे गंजाचा एक जरी खड्डा असला तर मी संपूर्ण युनिटच घेईन, कारण मग शिमचे काम आलेच.

संपूर्ण युनिट घेण्याची वेळ आली तर, विशेषतः जुने किंवा अन्य कंपनीने बनवलेले, या गोष्टी जुळवून घ्या : मोटरचा अनुक्रमांक, गिअरचे गुणोत्तर (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या), शाफ्टची लांबी (१५, २० की २५ इंच), ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या आणि फिरण्याची दिशा. उलट्या दिशेने फिरणारी युनिट दोन मोटरी लावलेल्या होड्यांसाठी असतात आणि बाहेरून जवळपास तशीच दिसतात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांची गुणोत्तरे वेगळी असू शकतात. चुकीची लावली तर तोच पंखा इंजिनाला पूर्ण फेऱ्या तरी घेऊ देणार नाही किंवा मर्यादेपलीकडे पळवील. विकणारा "तेल आत्ताच बदलले आहे" असे अभिमानाने सांगत असेल तर अधिक सावध व्हा. मला जुनेच तेल पाहायला आवडते.

शिडाविना (धागाकर्ता)

पुढचे बेअरिंग धुऊन भिंगातून पाहिले. रोलर आणि बाहेरची कडी दोन्ही गुळगुळीत आहेत. त्यामुळे ठरवले : नवा शाफ्ट, कॅरियरची दोन्ही बेअरिंग, सीलचा पूर्ण संच, पाण्याच्या पंपाचा संच आणि नवा पंखा. पेटी सुटी आणि कोरडी असतानाच स्केग वेल्ड करून घेतो. जुना शाफ्ट लेथवर सरळ करून देतो असे एक जण म्हणत होता.

निवृत्त_फिटर

शाफ्ट सरळ करून घेऊ नका. कठीण केलेले पोलाद थंड अवस्थेत वाकवून सरळ दिसेल, पण सीलच्या आणि बेअरिंगच्या जागी पडलेले खड्डे तसेच राहतील.

बसवताना सील कोणत्या तोंडाने घालायचे ते जुने काढण्याआधी पाहून ठेवा. पंख्याच्या शाफ्टवर साधारणपणे दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक तेल आत ठेवायला आणि एक पाणी बाहेर ठेवायला. त्यांच्या ओठांना ग्रीस लावा. नव्या बेअरिंगनंतर मागच्या गिअरची मोकळीक मॅन्युअलप्रमाणे एकदा तपासा. पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची पाती बसवताना ड्राइव्ह शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि नंतर उलटा फिरवू नका. बंद पेटीवर दाबाची तपासणी पुन्हा करा, तेल भरण्याआधी.

युनिट वर चढवताना पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात बरोबर गेली की नाही हे पाहण्यासाठी एक माणूस खाली हवा. ती चुकली तर इंजिन तापेल. ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीस लावा, मात्र त्याच्या वरच्या सपाट टोकावर नको, कारण तिथे अडकलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

गोडेपाणी

तेल खालच्या छिद्रातून भरावे, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावावा आणि त्यानंतर खालची नळी काढून पटकन खालचा. क्रम उलटा केला तर तेल गळून जाते आणि वर हवा राहते. थंड प्रदेशात मोटर ठेवणाऱ्यांनी हिवाळ्याआधीच तेल बदलावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पेटीत राहिलेले थोडेसे पाणीही कवच फोडू शकते.

शिडाविना (धागाकर्ता)

सगळे बसवले. दाब टिकला, होडी पाण्यात नेली, इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांनाही थरथर नाही. होडीच्या पहिल्या काही फेरफटक्यांनंतर तेलाचे काही थेंब काढून पाहिले, स्वच्छ आहेत. एकच शंका उरली. वेग वाढवला की स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढते, आधी असे होत नव्हते. वेल्ड केलेले स्केग तिरके बसले असेल का?

निळाई

ट्रिम टॅबवर खूण केली होती ना? ती आधी जुळवून पाहा. खूण पुसली गेली असेल तर टॅबचा बोल्ट सैल करून तिची मागची कड ज्या बाजूला ओढा आहे त्याच बाजूला, म्हणजे उजवीकडे, थोडी वळवा आणि पुन्हा चालवून पाहा. एका वेळी अगदी थोडेच वळवा.

धातुजोड

आणि टॅब जुळूनही ओढा राहिला तर स्केगच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्टी लावून मागच्या कडेची जाडी मोजा. वेल्ड घासताना एका बाजूची धातू जास्त राहिली असेल तर ती फाइलने काढता येते, त्यासाठी युनिट उतरवायची गरज नाही.